आडवा कप

अक्षराबद्दल आधीच माफी मागते, शुद्धलेखनाबद्दलही. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीत कळत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळेशी संबंध आला नाही. हात झाडूला सरावलेला. पेन धरला की बोटं आखडतात आणि ओळ उजवीकडे वर चढत जाते. माफी कुणाची मागते आहे हेही नीट सांगता येणार नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही.

आमच्या अभ्यासिकेतली मुलं दर दिवाळीला हस्तलिखित अंक काढतात. यंदा एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही पण लिवा की. एवढी वर्षं बघालाय आमाला." मी मान हलवून नाही म्हटलं आणि रिकामे कप गोळा करून आत गेले. घरी आल्यावर मात्र वही घेऊन बसले. माझं असंच आहे. समोरचं माणूस जिना उतरून गेलं की मग मला उत्तर सुचतं.

आमची अभ्यासिका मंगळवार पेठेत एका तालमीच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. खाली आखाडा, मधे मंडळाचं ऑफिस आणि फुटबॉलच्या पोरांचे बूट, आणि वर आम्ही. खाली मातीचा वास, मधे बुटांचा, वर चहाचा. ज्यांना घरात जागा नाही, किंवा जागा आहे पण शांतता नाही, अशी मुलं इथे महिन्याची फी भरून टेबल घेतात आणि दिवसभर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. उघडणं, झाडणं, पुसणं, पाणी भरणं, दोन वेळचा चहा आणि रात्री कुलूप, हे माझं काम.

कामावर घेताना आबा, म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी, म्हणाले होते, "मावशी, हितं एकच अट. बोलायचं न्हाई." मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला न बोलण्याचा पगार देत होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गप्प बसलेल्या पोरांत काय काम असणार? पण बोलणारं माणूस काय हवं ते सांगतं तरी. गप्प माणसाचं आपल्याला ओळखावं लागतं. पंख्याखालच्या मुलाला गार वाटतंय आणि कोपऱ्यातल्याला उकडतंय, हे दोघांच्या कॉलरकडे बघून कळलं पाहिजे. चप्पल दाराबाहेर काढायची, बादली टेकवताना आधी फडकं खाली घालायचं, खुर्ची ओढायची नाही, उचलायची. कुणी रडत असेल तर त्याच्या टेबलाजवळची फरशी त्या दिवशी पुसायची नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. परीक्षा जवळ आली की चहा वाढतो, संडासची रांग वाढते आणि तांब्याभर पाण्यावरूनही भांडणं लागतात. निकालाच्या दिवशी अर्धी टेबलं रिकामी असतात. पास झालेले पेढे आणायला गेलेले असतात आणि नापास झालेले घरी तोंड दाखवायला नको म्हणून कुठेतरी रंकाळ्याच्या कडेला बसलेले असतात.

पास झालेला प्रत्येक जण जाताना "येतो मावशी" म्हणूनच जातो. कोण "जातो" म्हणणार? एक जण मात्र खरंच परत आला होता, मोठ्या नोकरीला लागल्यावर, गाडी घेऊन. पेढ्याचा बॉक्स हातात दिला, माझ्याबरोबर फोटो काढला आणि विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय ओ? स्टेटसला टाकतो." मी हळू आवाजात सांगितलं. त्याला ऐकू गेलं नसावं. नंतर एका मुलीनं दाखवलं, त्यानं "आमच्या मावशी" एवढंच टाकलं होतं. माझा पदर मात्र फोटोत छान आला होता.

माझे मालक ट्रकवर ड्रायव्हर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तालमीमागच्या बोळात माझी खोली आहे, वर पत्रा. तिथेही शांतता असते, पण इथल्या शांततेत पानं उलटल्याचा आवाज येतो, कुणी पेन टेकवतं, कुणी खोकतं. खोलीवरच्या शांततेत काही उलटत नाही. म्हणून मी सुट्टी घेत नाही. आबा लोकांना सांगतात, मावशी लई कष्टाळू. मी ते खोडून काढत नाही.

आता सुजाताचं लिहिते. खरं तर तिच्यासाठीच वही उघडली.

सुजाता मुरगूडची. वडील तिथे शिलाईकाम करतात. बी.ए. झाली आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला लागली. कोल्हापुरात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी थेट अभ्यासिका. अंगाला पुठ्ठ्याचा वास आणि बोटांना चिकटपट्टीचे तुकडे. तिला वकील व्हायचं होतं. कायद्याच्या कॉलेजला प्रवेश घ्यायचा तर आधी परीक्षा द्यावी लागते, हे मला तिच्यामुळे कळलं. पहिल्या वर्षी ती बसली आणि राहिली. बाकीचं जमलं होतं, तर्काच्या प्रश्नांत गेली. कंपनी तिला परमनंट करणार होती. वडील म्हणाले, "अजून एकदा बस. न्हाई झालं तर परमनंटच्या कागदावर सही कर. पोटाचं बघाय पायजे." ते वाईट बोलले असं तिला वाटत नव्हतं, मलाही नाही. पण परमनंट म्हणजे तीन पाळ्या, आणि तीन पाळ्यांत कॉलेज कुठलं? म्हणजे या एका परीक्षेवर तिचं सगळं होतं.

एका संध्याकाळी मी चहाचा कप ठेवायला गेले, तर ती एका पानाकडे बघत डोक्याला हात लावून बसली होती. मला बघून तिनं वही माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, म्हणून मला वाचता आलं.

"सगळे सावकार दयाळू असतात. गणपत सावकार आहे. म्हणून गणपत दयाळू आहे. खरं, खोटं, की सांगता येत नाही?"

बोलायची तर बंदी. मी तिचा आधीचा रिकामा कप उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला. खोटं. सावकार कसला दयाळू? तिनं तोंडावर ओढणी दाबली, पण खांदे हलत होते. मग माझ्यामागोमाग चहाच्या खोलीत आली.

"मावशी, हितं सावकार दयाळूच असतोय."

"कुठल्या गावात?"

"कागदावरच्या गावात. कागद म्हणतोय तर मानायचं."

"आणि त्या गणपतनं व्याज लावलं तर?"

"ते कागदात न्हाई." ती हसली आणि मग एकदम हसायची थांबली. "मी पण खोटंच लिवलं होतं. उत्तर खरं हाय. मला अजून पटंना."

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. ती चहा झाला की एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून बशीखाली ठेवायची. मी कप धुता धुता वाचायची. एकेक अक्षर लावत वाचावं लागे, त्यामुळे एका प्रश्नाला सगळ्या टेबलांचे कप धुऊन व्हायचे. मग तिचा कप परत नेऊन ठेवायची. सरळ ठेवला तर खरं, पालथा ठेवला तर खोटं, आडवा ठेवला तर सांगता येत नाही. आमच्या कपांना मोठा कान आहे, त्यामुळे आडवा ठेवला तरी घरंगळत नाही. रविवारी तिला सुट्टी असायची, तेव्हा गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ बसून ती आठवड्याचं सगळं समजावून सांगायची. कुणीतरी मला काही समजावून सांगतंय, हे माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालं होतं. मी मधे काही बोलायची नाही. तिला वाटायचं मला कळतंय. कधी कळायचं, कधी नुसतं बरं वाटायचं.

सासूचा प्रश्न आठवतो. "घरात सासू आणि सून राहतात. आज दुपारी सासू जेवली नाही. म्हणून सुनेनं सासूला जेवायला दिलं नाही." मी कप पालथा ठेवला. सुजातानं खरं लिहिलं होतं.

गच्चीवर ती म्हणाली, "तुम्ही खोटं का म्हणालासा?"

"अगं, चतुर्थी असंल. उपास असंल म्हातारीचा."

"मला वाटलं सून खडूस हाय."

"मग बरोबर काय?"

"सांगता येत न्हाई. उपास हाय का सून खडूस हाय, कागद गप हाय." थोडा वेळ ती टाकीवर बोटांनी वाजवत बसली. मग म्हणाली, "मावशी, एक बघितलासा? तुम्ही एकदा पण कप आडवा ठेवला न्हाई. आणि मी पण एकदा पण सांगता येत न्हाई लिवलं न्हाई."

आमच्याकडे मुलीसुद्धा मी येतो, मी चुकतो असंच बोलतात. ती म्हणाली, "तुम्ही जिथं चुकता, तितंच मी चुकतो." खाली जाऊन तिनं वही आणली आणि जुन्या चिठ्ठ्या जुळवून बघितल्या. आकड्यांचे प्रश्न, कोण कुणाच्या शेजारी बसलंय असले प्रश्न, त्यात ती चुकत नव्हती. पण प्रश्नात सावकार, सासू, मालक, गडी, गाव असं काही आलं, की आम्ही दोघी एकाच खड्ड्यात पडत होतो. कागदात नसलेलं आम्ही घरून आणत होतो. तिच्या घरचं मुरगूडचं होतं, माझं माझ्या आयुष्याचं, पण सामान तेच.

आता विचार केला की वाटतं, आम्हाला सांगता येत नाही म्हणायची सवयच नव्हती. घरात तेलाचा डबा सांडला, तर कुणी सांडला ते लगेच ठरायचं. मूल झालं नाही, तर दोष कुणाचा तेही लगेच ठरलं. माहिती अपुरी आहे असं माझ्या सासरी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

तर मी तिच्या उपयोगाला आले ती अशी, बरोबर उत्तर देऊन नाही, तर नेमानं चुकून. क्लासमधल्या सरांचं सगळं बरोबर यायचं, त्यामुळे त्यांना तिचं कुठे चुकतं ते दिसायचं नाही, असं ती म्हणायची. माझा कप बघितला की तिला स्वतःची चूक बाहेरून दिसायची. चुकण्याचा असा मान मिळालेली बाई कोल्हापुरात दुसरी नसेल.

फटाक्यांचा प्रश्न तिनं स्वतःच तयार केला होता, मला कळावं म्हणून. "आपली टीम जिंकली तर तालमीसमोर फटाके वाजतात. आज टीम हरली. म्हणून आज फटाके वाजणार नाहीत." त्या दिवशी खरंच मॅच होती आणि आमची टीम खरंच हरली होती. जिन्यावरून बूट ओढत पोरं वर आली तेव्हाच कळलं होतं. मी कप सरळ ठेवला. यात काय विचार करायचा? हरल्यावर कोण फटाके लावतं?

कप ठेवून मी वळले आणि खाली रस्त्यावर धडाड्‌धूम सुरू झालं. खिडक्या थरथरल्या, सगळी अभ्यासिका दचकून उठली. जिंकलेल्या पेठेची पोरं गाड्यांवरून आली होती आणि आमच्याच दारात माळ लावून ओरडत होती. आमची पोरं खाली धावली. आबा गॅलरीतून ओरडले, "आरं, निदान वरच्या पोरांचा अभ्यास तरी बघा, भाडखावांनो!"

सुजातानं माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला आणि कप आडवा केला. एवढ्या गोंधळात आम्ही दोघी आवाज न करता हसत होतो. मला पोटात दुखेपर्यंत हसू आलं. "जिंकलं तर वाजतात एवढंच कागद म्हणतोय," ती माझ्या कानाशी म्हणाली. "हरल्यावर काय हुतंय, ते कागदानं कुठं सांगितलंय?" हा एक प्रश्न मला कायमचा कळला.

या कपांवरून एक भानगडही झाली. सुजाताच्या शेजारच्या टेबलावर नीलेश नावाचा मुलगा बसायचा. पोलीस भरतीची तयारी करायचा, अंगानं दणकट, पण मन फार हळवं. त्याला रोज शेजारी कधी पालथा कप दिसायचा, कधी सरळ, आणि त्या आठवड्यात तो दोन सराव परीक्षांत नापास झाला. त्यानं आबांकडे तक्रार केली, की मावशी कप पालथे घालून काहीतरी करणी करतात.

आबांनी मला ऑफिसात बोलावलं. नीलेश भिंतीला लागून उभा होता. माझी मान वर होईना.

"मावशी, ह्यो म्हणतोय, तुम्ही कप पालथा घालता."

"व्हय."

"का?"

तोंडातून एवढंच आलं, "सावकार दयाळू हाय म्हणून."

नीलेश आणखी भिंतीला चिकटला. शेवटी आबांनी सुजाताला बोलावलं आणि तिनं सगळं सांगितलं. आबा नीलेशला म्हणाले, "पोलीस होनार तू? उद्या चोरानं कप पालथा ठिवला तर पळून येशील व्हय रं?" नीलेशनं माझी माफी मागितली, पण टेबल मात्र बदलून घेतलं.

परीक्षेच्या थोडं आधी सुजाताचे वडील आले. मी जिना झाडत होते. खांद्याला पिशवी, बोटाला शिलाईचं टोपण तसंच राहिलेलं. मला तिथलं कुणी मोठं समजून त्यांनी हात जोडले, "जय भीम." मीही जोडले.

"ताई, माझी पोरगी हितं बसती. सुजाता. अभ्यास करती न्हवं?"

मी मान हलवली.

"तुम्ही रोज बघताय. आमाला त्यातलं कळत न्हाई. खरं सांगा, हुईल का तिचं?"

मला व्हय म्हणायचं होतं. कुणीही व्हय म्हटलं असतं. बापाच्या तोंडाकडे बघून नाही कोण म्हणणार? पण सगळा हिवाळा ती पोर मला एकच गोष्ट शिकवत होती. मी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हटलं, "सांगता येत न्हाई."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "हे बरं सांगितलासा," ते म्हणाले. "सगळी म्हणत्यात हुतंय हुतंय. मला तर झोप यीना." पिशवीतून त्यांनी मला चार चिक्कू दिले आणि वर गेले. तिला बघून, न बोलता, तसेच उतरून आले. नियम त्यांना कुणीतरी खाली सांगितला असावा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी चिठ्ठी नव्हती. ती लवकर निघाली. दारात म्हणाली, "येतो मावशी." त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं, की हिचं झालं तरी ही जाणार आणि नाही झालं तरी जाणार. झालं तर कॉलेजला, नाही झालं तर तीन पाळ्यांत. माझ्या बाजूनं दोन्ही उत्तरं एकच होती. मी कुलूप लावून खोलीवर गेले आणि चिक्कू एकटीनं खाल्ले.

परीक्षा देऊन ती सरळ अभ्यासिकेत आली. "मावशी, तर्काचा प्रश्न आला की पहिला तुमचा कप डोळ्याम्होरं आणायचो. मावशी काय म्हणतील? मग इचारायचो, हे कागदातलं हाय का घरातनं आलंय? घरातनं आलं असंल तर पुसायचं."

"किती पुसलं?"

"लई," ती म्हणाली. "निम्मं मुरगूड पुसलं."

निकाल मोबाईलवर आला. मला त्यातले आकडे कळले नाहीत. तिनं सांगितलं, गेल्या वर्षी जितके जण तिच्या पुढे होते, त्याच्या निम्मेही यंदा नव्हते. कोल्हापुरातल्याच कॉलेजात नंबर लागला. तिनं मला मिठी मारली. खाली फुटबॉलच्या पोरांनी कारण न विचारता हलगी वाजवली.

पण पुढच्याच आठवड्यात बशीखाली पुन्हा चिठ्ठी आली. नोकरी सोडून झाली होती. सरकारची शिष्यवृत्ती मागाहून मिळते, कॉलेज फी आधी मागतं, आणि वडिलांनी जमवलेले पुरत नव्हते. चिठ्ठीत तिनं नेहमीसारखंच लिहिलं होतं. "फी भरल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. सुजाताकडे फी नाही. म्हणून सुजाताला प्रवेश मिळणार नाही." थट्टेत लिहायला गेली असावी, पण अक्षर बिघडलं होतं.

माझा भिशीचा नंबर त्याच महिन्यात लागला होता. खोलीवरचे पत्रे बदलायचे म्हणून पैसे ठेवले होते. मी खोलीवर जाऊन आले. नोटांची गुंडाळी केली, सुजाताच्या टेबलावर ठेवली आणि गुंडाळीवर कप पालथा घातला. खोटं. मग मी आत जाऊन भांडी घासत बसले, कारण ती काय म्हणेल ते ऐकायची मला लाज वाटत होती.

ती आली. डोळे लाल. "मावशी, हे कागदात नव्हतं."

मी म्हटलं, "घरातनं आणलंय."

"मी फेडणार हाय. एकदम जमणार न्हाई. महिन्याला थोडं थोडं."

मी चालेल म्हटलं. मला ते फार चांगलं चालणार होतं.

त्या पावसाळ्यात खोलीत पातेली जरा जास्त मांडावी लागली, एवढंच. सुजाता कॉलेज करून संध्याकाळी कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंग करू लागली आणि महिन्यातून एकदा, रविवारी, पैसे द्यायला येऊ लागली. रक्कम लहान असायची. आम्ही गच्चीवर टाकीजवळ बसायचो. ती कोर्टातल्या गमती सांगायची. कुणी बांधावरून, कुणी कोंबडीवरून, कुणी भावाच्या जिन्यावरून भांडत येतं. "सगळी घरातनं आणत्यात मावशी, कागदात काय बी नसतंय." मी ऐकायची. महिन्याचे बाकीचे दिवस मला ते पुरायचं. मी डोक्यात हिशोब केला होता. अशा रकमेनं हे अजून पुढच्या दिवाळीपर्यंत जाईल.

अभ्यासिकेत माझ्या कपांची कीर्ती झाली ती वेगळीच. सुजाताचं झालं ते मावशीच्या पालथ्या कपामुळे, असं कुणीतरी पसरवलं. आता परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं हळूच येतात, "मावशी, माझा पण कप पालथा ठेवा की." पहिला आला तो नीलेश. त्याचंही झालं. मी सांगायचा प्रयत्न केला, की यावरून तसं म्हणता येत नाही. कुणी ऐकत नाही. आता मीही ठेवते. कप तर धुवायचेच असतात.

गेल्या आठवड्यात सुजाता आली, रविवार नसताना. पांढरा शर्ट, काळा कोट हातावर. जिना धावत चढली होती.

"मावशी, शिष्यवृत्ती जमा झाली!" तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. "राहिलेले सगळे. मोजून घ्या."

मी म्हटलं, "एवढी घाई काय हुती?"

"घाई? लाज वाटाय लागल्ती मला. तुमचं पत्रं अजून तसंच हाय." चहा तिनं उभ्यानंच घेतला. फोन दोनदा वाजला. कॉलेजात कसलीशी वादविवादाची स्पर्धा होती, तिला पोचायचं होतं. दारात तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "येतो मावशी."

मी नुसती मान हलवली. ती जिना उतरून गेल्यावर बोलायचं सुचलं, पण तोवर खालच्या फाटकाचा आवाज झाला होता.

संध्याकाळचे सगळे कप धुऊन झाले. तिचा शेवटी धुतला. तो हातात धरून मी स्वतःलाच प्रश्न घातला. देणं होतं तोवर ती यायची. देणं फिटलं. म्हणून आता ती येणार नाही. माझा हात कप सरळ ठेवायला गेलाच होता. इथून गेलेली इतकी माणसं मी बघितली आहेत. पण ते घरातून आलेलं. कागद तेवढंच म्हणतो, देणं होतं तोवर यायची. देणं फिटल्यावर काय होतं, ते कागदानं कुठे सांगितलंय? हरलेल्या दिवशीसुद्धा दारात फटाके वाजलेच होते. मग पालथा ठेवावा, तर ती येईल असंही कागदात कुठे नाही.

मी कप आडवा ठेवला आणि कुलूप लावून खोलीवर आले.

पाकीट उघडलं. पैसे मोजले. मग एखादी नोट कमी भरेल, या आशेनं पुन्हा मोजले. पूर्ण होते.